नसलेली पट्टी

सवय वाईट आहे, मान्य.
फेरीबोटीची फळी धक्क्याला टेकली की
माझी नजर माणसांच्या तोंडांवर जात नाही,
गुडघ्यांच्या खाली जाते.

चोडणहून सव्वासातची फेरी,
रायबंदरला उतरून बस, मग बांबोळी.
तिथं दिवसभर मी दोन दांड्यांच्या मधून
माणसांना पुन्हा चालायला शिकवते.
पण खरी ओपीडी इथं भरते, धक्क्यावर,
कोणी न बोलावता.

झुकत झुकत येतो तो कुस्तांस. रेंदेर होता.
माडावरून पडला त्याला अकरा वर्षं झाली.
डावा पाय टेकला की उजवी कंबर खाली सुटते,
मग धड डावीकडे कलून तिला सावरतं.
लोक म्हणतात, सकाळीच घेतलेली दिसते.
शपथेवर सांगते, ती सूर नव्हे.
खुब्याच्या बाजूला पंख्यासारखा एक स्नायू असतो,
त्याची वीज गेली आहे.

फटी गावकर खाणीच्या ट्रकवर होता.
तो न बघताही कळतो :
आधी टाच नाही, सगळं पाऊल एकदम,
ओलं फडकं आपटावं तसं, थप्प.
म्हणून गुडघा उंच उचलतो,
कोरड्या रस्त्यावरही पाण्यातून आल्यासारखा.
कमरेत कुठंतरी नस दबलेली.
चप्पल चवड्याकडून झिजते, हे त्याच्या बायकोनं सांगितलं.
मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

पिएदाद मावशी काळोखाच्या फेरीला येतच नाही.
दिवसाही डोळे पावलांवर,
धप्प, धप्प, जमिनीला विचारत : आहेस ना?
साखरेनं तळवे मुके केलेत.
मिसेला डोळे मिटायची वेळ आली
की ती समोरचा बाक घट्ट धरते.
पाद्रीला वाटतं, भक्ती.

एकदा एका लंगडणाऱ्या पोराला अडवलं,
मनात खुबा, वाढीचं हाड, एक्स-रे.
त्यानं बूट काढून झटकला :
शिंपलीचा तुकडा.
बोटीवरचे खलाशी आठवडाभर हसत होते.

आणि बाबा.
एकतीस वर्षं मानशीची दारं सांभाळलेला माणूस,
भरतीच्या वेळी, वीतभर बांधावरून, बॅटरी न घेता.
त्यांच्याबरोबर तर मी रोजच चालते.
शेजारून चालणाऱ्याची चाल दिसत नाही.
एवढंच की मीच हळू चालायला लागले होते,
आणि मला वाटलं, चाळिशी.

काल कुस्तांसनं हाक मारली म्हणून मागे राहिले.
बाबा पुढे गेले.
फळीवर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या,
एकेक ओलांडत, चांगली लांब पावलं.
फळी संपली. सपाट डांबर आलं.
बाबा थांबले.

गुडघे जागच्या जागी थरथरत,
पाय कोणी खाली धरून ठेवल्यासारखे.
मागे स्कूटरवाल्यांचे हॉर्न.
उजवा हात खुंटीवरच्या छत्रीसारखा, झुलत नव्हता.
कधीपासून झुलत नव्हता?
माझ्याकडे वळायला त्यांना सात पावलं लागली.
मोजायला नको होती. मोजली.

मेंदूच्या बुडाशी एक काळपट ठिपका असतो,
मी तो वर्गात खडूनं काढून दाखवते,
फळ्यावर दोन बोटांनी पुसते आणि म्हणते,
हे असं.

बाबांचा दंड धरला नाही.
नुसतं म्हटलं, "पुढे अजून एक पट्टी आहे. ओलांडा."
त्यांनी खाली बघितलं. काही नव्हतं.
नसलेली पट्टी त्यांनी ओलांडली
आणि चालू लागले.

संध्याकाळी बादलीत चुना कालवला.
दारापासून विहिरीपर्यंत आडव्या रेघा, हातभर अंतरानं.
बाबा पायरीवर बसून बघत होते.
"बांधावर पण मारणार काय?"
पलीकडून पिएदाद मावशी,
कुंपणाला धरून : "आज कसली परब गो?"

काही बोलले नाही.
चौथी रेघ जवळ आली होती.
ती ओल्या फडक्यानं पुसली,
बाबांच्या चपलेनं माप घेतलं,
पुन्हा काढली.