बस असलेले सगळे चौकोन

सकाळी साडेसहाला, घर तापायच्या आधी,
गुडघ्यांवर शाल टाकून मी लॅपटॉप उघडतो,
वाण्याने फळी काढून गल्ल्यावर बसावं तसा.
हडर्सफील्डचा नोव्हेंबर. खिडकीत अजून रात्रच.
चढावर कुणाची तरी गाडी
खाकरत खाकरत सुरू होते आहे.

आधी औषधं.
रक्तदाबाची, साखरेची, आणि ती एक पिवळी
जिचं नाव अजून जिभेवर बसत नाही,
स्पेलिंग मात्र पाठ.
तीन खुणा करायच्या आणि पाठवून द्यायचं.
पूर्वी याच तीन गोळ्यांसाठी
दवाखान्याच्या फोनवर बारावा नंबर लागायचा,
तोवर कानात तेच ते व्हायोलिन.

मग गॅसचं मीटर.
जिन्याखाली वाकून, टॉर्च दातात धरून आकडा बघायचा,
आणि टेबलापर्यंत मोठ्याने म्हणत यायचं
म्हणजे वाटेत सांडत नाही.
मी तो मराठीत म्हणतो, हीच चूक.
त्र्याहत्तर म्हणताना तीन आधी येतात;
एकदा बोटांनी ऐकलं तसंच लिहिलं, सदतीस,
आणि कंपनीने मला चक्क पैसे परत केले.
मीच कळवलं. त्यांनी माफी मागून
ते पुन्हा काढून घेतले.

दहाला मॉरीन येते, शेजारची, ब्याऐंशीची,
सपाता घालून, हातात पाकीट, पाकिटावर बिस्किटाचा डबा.
गावी तलाठ्याकडे लोक यायचे तशी.
दत्ताराम तिला जमत नाही, डॅट म्हणते.
"डॅट, हे माझ्यावर विश्वास ठेवत नाहीये."

बघतो तर:
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा.
बस असलेले सगळे चौकोन निवडा.

एकतीस वर्षं.
बर्फात, शाळा सुटताना, शनिवारच्या रात्री
मागे कुणीतरी ओकत असताना,
या गावचा एकेक चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये चढलोय,
आणि मला विचारतात बस कुठे आहे.
कोपऱ्यातल्या चौकोनात नुसता आरसा होता.
मी तोही निवडला. आरशाशिवाय कसली बस?
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

मॉरीन हसत होती.
"तू एकदा माझ्यासाठी थांबला होतास. पाऊस होता,
मी धावत होते, चप्पल हातात."
मला आठवत नाही.
रोज कुणासाठी तरी थांबायचो
आणि कुणाला तरी ठेवून निघायचो.

आरसा सोडून दिला. आत घेतलं.
पुढचा प्रश्न: आईचं माहेरचं आडनाव.
ती एकदम गप्प. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली,
घरात दुसरं कुणी नव्हतं तरी.
कार्मडी.
मग पुन्हा, जरा मोठ्याने, कार्मडी,
तळाशी राहिलेली साडी झटकावी तसं.
मराठीत मनात आलं ते मनातच ठेवलं;
तिला साडीचं काय सांगू?

ती गेल्यावर माझं पेन्शन.
तोच प्रश्न.
आईचं पहिलं नावसुद्धा लग्नात
ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदललं होतं.
मागचं कुणी विचारायचं नाही, ती सांगायची नाही.
पन्नास वर्षांत तिचं आडनाव मला विचारलं
ते फक्त या पेन्शनवाल्यांनी.

वायंगणकर. लिहिलं.
पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, नुसते ठिपके,
दहा, एका रांगेत,
रेघ ओढायच्या आधीच्या रांगोळीसारखे.

उत्तर जुळत नाही.

व्ही लिहिला होता गेल्या वर्षी की डब्ल्यू?
ती कसं लिहायची हे कुणाला विचारावं,
तिला तर सहीपुरतंच यायचं,
आणि सही सासरची.

अजून दोन प्रयत्न शिल्लक आहेत.
मॉरीन डबा विसरून गेली आहे.
एक बिस्किट खातो, मग डब्ल्यू.