सहा ठिपके

दार उघडण्याआधी तीनदा वाजव, यानेत.
आत कुणी झोपलेलं असलं तर तो रात्रपाळीचा खाणकामगार.
त्याला उठवलंस तर त्याची शिवी,
नाही उठवलंस तर बुस्तोससाहेबाची.

एका खोलीला बावीस मिनिटं.
घड्याळाकडे बघू नकोस, चादरी मोज.
आधी खिडकी. काच कितीही पूस,
कालामाची धूळ रात्री परत येते
तांब्याच्या खाणीवरून, स्वतःची किल्ली घेऊन.
तिच्याशी भांडायचं नाही. ती इथली आहे.
आपण ओरुरोच्या.

चादरी आणि अभ्रे रोज बदलतात, हे खरं.
वरची निळी रजई वर्षातून दोनदा धुतात,
एकदा सप्टेंबरच्या सणाआधी
आणि एकदा तपासनीस यायचा असला की.
दात घासायचा तो पेला बघ, धुतल्यासारखा दिसतो ना?
दिसतो.
आत्ताच गेलेल्या माणसाच्या टॉवेलने पुसायचा
आणि वर कागदाची टोपी घालायची.
पेल्यालाही टोपी, पाहुण्यालाही.
पहिल्या वर्षी मीही घातल्या, खोटं कशाला बोलू.
आता मी पेला धुते आणि तीन मिनिटं
जेवणातली कापते.

पाहुणे आत येतात, आधी हुंगतात.
लिंबाचा वास आला की निर्धास्त बूट काढतात.
लिंबू बाटलीत असतं, पाच लिटरच्या,
त्याचं झाड मी अजून पाहिलेलं नाही.

आता हे नीट ऐक.
बुस्तोससाहेबाकडे एक पेन आहे.
त्याची शाई दिसत नाही.
पहाटे आपल्या आधी येऊन तो सहा ठिपके देतो:
नळाच्या मुठीवर, दिव्याच्या बटणावर,
रिमोटवर, फोनच्या कानाशी,
फ्लशच्या दांडीवर, दाराच्या आतल्या कडीवर.
दुपारी जांभळा दिवा घेऊन फिरतो.
ठिपका चमकला की पगार कापला.
म्हणून सगळ्या पोरी सहा जागा घासतात,
पार रंग उडेपर्यंत,
आणि सातवी
देवाच्या हवाली.

सातवी म्हणजे पलंगाची पाठ,
जिथे डोकं टेकून माणसं घरी फोन करतात.
दोनशे चौदामध्ये तिथे तेलाचा गोल डाग आहे.
किती डोक्यांचा मिळून झाला, कुणास ठाऊक.
मी तो रोज पुसते. जात नाही.
पुसते आपली.

मार्चमध्ये साहेबाने मला पकडायचं ठरवलं.
चौदावी खोली होती, शेवटची. हातमोजे संपले होते,
अजून यायचेत.
पडदे ओढले त्याने, दिवा लावला.
नळ काळा. बटण काळं. रिमोट, फोन, दांडी,
कडीसुद्धा काळीकुट्ट, अवसेची.
त्याचा चेहरा पडला. दिवा खाली आला,
आणि मला माझे हात दिसले.
बोटांची पेरं, नखांच्या कडा, मनगटाच्या वळ्या,
कोपरापर्यंत हिरवट चांदणं.
चौदा खोल्यांचे चौऱ्याऐंशी ठिपके
सगळे माझ्याकडे जमा.

काय म्हणाला?
खोली स्वच्छ आहे म्हणाला. सही केली.

मी हात धुतले तीनदा, मग ब्लीचने.
संध्याकाळी माइतेची वेणी घालताना
मध्येच उठून बल्ब बंद केला.
काही दिसलं नाही, दिसणार कसं,
घरातला साधा अंधार होता.
ती म्हणाली, आई, वीज गेली का?
मी म्हटलं, हो.
तिचे केस अंधारातच विंचरले.

घे, हा फडका कोरडा आहे.
तुझे मोजे मी मागितलेत, गुरुवारी म्हणाले.
तोवर बाह्या खाली ओढून ठेव.
दोनशे पंधरा.
वाजव तीनदा.