सुईचं काम

रिकोटीचा बोगदा संपला की उतार लागतो,
थेट झेस्ताफोनीपर्यंत.
जुंबेरमामा म्हणाला, तिसऱ्यात ठेव, पाय काढ.
काढला.
आता ऐक.

मला काहीच ऐकू आलं नाही.
वारा, आणि मागच्या सीटवर
सुरामीला घेतलेल्या गोड पावाच्या कागदाची सळसळ.

तेच, तो म्हणाला. पेट्रोल बंद झालंय.
आत्ता इंजिन चाकं फिरवत नाहीये,
चाकं इंजिनाला फिरवतायत.
उतार फुकट नेतोय,
तर याला उगाच खायला कशाला घालायचं?

श्रोशाची मडकी, सुरया, तांबड्या मातीचे रांजण
रस्त्याच्या कडेला मांडलेले, एकामागून एक मागे गेले.
मग ट्रकमागे वेग उतरला,
काटा एकोणीसशेच्या खाली आला
आणि बॉनेटखाली कुठेतरी, करंगळीएवढ्या नळीत
सुई मागे सरली.
इंजिनानं घास घेतला.
हे मात्र ऐकू आलं. निदान मी तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात
त्यानं तो व्हॉल्व्ह कार्बोरेटरमधून सोडवून माझ्या तळहातावर ठेवला.
पेट्रोलनं गार.
तार लाव. टिक.
काढ. टिक.
उघडं राहायला वीज लागते याला,
मिटायला काही लागत नाही. स्प्रिंग आहेच आत.
एवढं बोलून तो हात पुसायला चिंधी शोधू लागला,
आणि मी तार लावत राहिले, काढत राहिले,
लामारामामी जेवायला हाक मारेपर्यंत.

त्याच आठवड्यात बाद्री आला, पांढरी लाडा घेऊन.
किल्ली काढून हातात धरलेली,
आणि गाडी आपली चालूच:
खोकते, थरथरते, दारं खडखडवते,
ठिणगी नाही तरी आतल्या तापल्या काजळीवर पेटत राहते.
गप्पच बसत नाही, बाद्री म्हणाला, माझ्या मेहुण्यासारखी.
मामानं चौथा टाकला, ब्रेक दाबला, क्लच सोडला.
एक हिसका. शांत.

उघडून पाहिलं तर सुई नव्हतीच.
कुणीतरी पकडीनं तोडलेली,
म्हणजे व्हॉल्व्ह पुन्हा कधी अडायला नको.
मामा शिव्या देत नाही. त्या दिवशी दिल्या,
जुन्या, डोंगरातल्या,
ज्यांतल्या अर्ध्या मला मामीला विचाराव्या लागल्या.

आता तो उतार मी एकटी उतरते.
मामाचे गुडघे गेले, गाडी माझ्याकडे आली.
पाय काढते. ऐकते.
किती थेंब वाचतात, त्यानं कधी मोजलं नाही.
मामी मोजायची, वहीत, पेन्सिलीनं,
आणि म्हणायची, एवढ्यात तर पावही येत नाही.
तो म्हणायचा, येतो.
आणि दर वेळी घाट लागायच्या आधीच, सुरामीला,
न वाचलेल्या पेट्रोलच्या पैशांतून
दोन पाव घ्यायचा, गरम,
एक वाटेतच संपायचा.