अकरा मिलिमीटर

धंतोलीतल्या सेंटरचा कूलर
वाळ्याचा वास फेकतोय.
शोधत होतो मुतखडा;
सापडला फुप्फुसातला ठिपका.

चांदूरकर डॉक्टर म्हणतात, सुई घालून बघू,
नाहीतर तीन महिने थांबू.
सुईनं फुप्फुस कधीकधी पंक्चर होतं.
ठिपका बहुतेकदा नुसता ठिपकाच असतो.
बहुतेकदा.

कोराडीला तीस वर्षं टर्बाइनवर होतो.
चांगलं चाललेलं मशीन नुसतं बघायला उघडलं
की मिटताना एखादा बोल्ट रुसायचाच.
आणि उघडलं नाही त्या वर्षी
ब्लेड तुटून छपरातून गेलं.
पाळी जेवायला गेली होती, म्हणून.

"काहून गप्प?" बायको विचारते.
मी फिल्म खिडकीशी धरतो.
मेच्या उन्हात
माझ्या फासळ्यांमागून
एक ऑटो हळूच वळतो.