पाण्यातला ण

बांगड्या काढून ठेवते. घड्याळही.
कडक इस्त्रीची साडी इथं चालत नाही, ती कुजबुजते.
जिंतूर रोडला टायरच्या दुकानावर ही खोली,
भिंतींना वाकळी, वाकळींमागं अंड्यांचे ट्रे,
भरतकामाच्या रिंगीवर ताणलेली माझीच जुनी ओढणी
माइकच्या तोंडापुढं.
'प' आणि 'फ' तिच्यावर आपटून मऊ होतात.
मे महिना. पंखा बंद.
व्यंकट काचेपलीकडून बोट वर करतो.

"परभणीकर नागरिकांनो, पाणी जपून वापरा."

थांब, म्हणतो. पुन्हा पानी म्हणलीस.

मला ऐकूच आलं नव्हतं.
माझ्या जिभेनं ते लहानपणापासून
दातांच्या मागंच भरून ठेवलं,
टाळूपर्यंत कधी चढवलं नाही.
'ण' म्हणजे हापशाचा दांडा,
वर न्यायचा, मग खाली.

हे काम मला दस्तगीर चाचांनी शिकवलं.
त्यांचा स्टुडिओ म्हणजे सायकलरिक्षा, एक भोंगा, ट्रकची बॅटरी.
उरुसात हरवलेली लेकरं सापडायची त्यांच्या आवाजानं.
आधी सदऱ्याचा रंग सांगायचा, म्हणायचे, नाव मागून.
नाव ऐकलं की आईला पुढचं काही ऐकू येत नाही.
आणि घाई करायची नाही.
आवाज पळाला की आई पळते,
पळणाऱ्या बाईला लेकरू दिसत नसतंय.

पिवळा सदरा. एका पायात चप्पल.
हातात पिपाणी, वाजवायलाय.
मग एक श्वास. भोंग्याची खरखर.
मग नाव.

त्या श्वासाएवढी जागा
मी अजून सोयाबीनच्या बियाण्यालाही सोडते,
किंमत सांगायच्या आधी.

पुण्याचे लोक फोनवर सांगतात, आवाजात जरा हसू ठेवा.
ठेवते. गाल वर ओढले की येतं ते,
मनात असावंच लागतं असं नाही.
बँकेसाठी हसले, मूळव्याधीच्या मलमासाठी थोडं कमी.
'आपण रांगेत आहात' हे तर असं म्हटलंय
की माझा सख्खा भाऊ वीस मिनिटं रांगेत थांबला
आणि त्यानं मला ओळखलं नाही.

चाचांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, नांदेडला.
आता पाटीवर लिहून बोलतात.
मागच्या आठवड्यात दम खात जिना चढले,
वाकळीला टेकून बसले.
मी नळपट्टीची सूचना वाचत होते.
त्यांनी लिहिलं: रंग आधी.
नळपट्टीला कसला रंग, चाचा?
तळहातानं पुसलं त्यांनी.
परत काही लिहिलं नाही.

आज माझं पोट गुरगुरलं, एक टेक गेला.
खाली कुणीतरी ट्यूबची हवा सोडली, तोही गेला.
सातव्याला जीभ वळली.
व्यंकटनं अंगठा दाखवला, पंखा लावला,
आणि आम्ही दोघं घामाचे पुतळे
बराच वेळ काही बोललो नाही.

सोमवारपासून नगरपालिकेची गाडी
आमच्या गल्लीतून हेच वाजवत जाईल,
स्वच्छ, गोल, टाळूला लागून आलेलं पाणी.
मी तेव्हा नळाखाली घागर लावून बसलेली असेन.
पलीकडून कौसाबाई विचारील,
"आलं का गं पानी?"

"कुठलं बाई, चार दिस झाले,
थेंब नाही पान्याचा,"

एकाच टेकमध्ये.