डावीकडून तिसरी कुंडी

गुरुवारी साडेपाचला लाल दिवा लागतो
आणि मी फोन कानाला लावून बसते,
आल्तिनोच्या टेकडीवर, खिडकी नसलेल्या खोलीत.
एसी सोळावर.
नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या अकरा कुंड्या
कुडकुडत उभ्या.

केंकरे सर मोजे चढवतात, पांढरेशुभ्र.
माती चाळलेली, कॉफीच्या पुडीसारखी,
औषधाला खडा नाही.
आमच्या डिचोलीत पहार मारली
तर चिऱ्यावर आपटून ठिणगी उडते.

"सहा आठवड्यांनी ही अशी दिसेल,"
सर म्हणतात,
आणि टेबलाखालून दुसरी कुंडी वर येते.
ती खालून मी देते.

प्रेक्षकांना काय हवं, म्हणून एकदा कागद फिरला ऑफिसात.
कोणी लिहिलं, ऑर्किड.
कोणी लिहिलं, बाल्कनी, कमी जागेत जास्त.
हिशेबनीसांनी लिहिलं, निवेदिका जरा तरुण हवी.
माझ्यापर्यंत कागद आला नाही.
मी काय, नुसते फोन घेते.

काणकोणहून जयंती वेळीप विचारते,
माकडं आली की सर काय करतात?
सरांकडे माकडं येत नाहीत.
मी म्हणते, ताई, आवाज तुटतोय.

सावईवेऱ्याचे रघुवीर प्रभू काही विचारतच नाहीत.
परसातले चार माड सांगतात, एकेक करून,
कोण विहिरीवर वाकला,
कोणाला सोंड्या भुंग्यानं आतून पोखरलं,
कोणाच्या बुंध्याला म्हैस अंग घासायची.
मग, "बरं तर, ठेवतो."
सरांना काय द्यायचं यातलं?

कुडचड्याच्या एस्पेरांसाबाईंची एकच मागणी:
"मोजे काडूंक सांग गे बाये,
म्हाका ताचीं नखां पळोवंक जाय."

आणि शिरोड्याच्या मंदाकिनी.
"गणपतीच्या आधी दाखवलेली मिरची,
डावीकडून तिसरी कुंडी, पानं मुरडलेली.
सर म्हणाले होते, येईल.
आली का?"
मी म्हटलं, आली ना, छान आहे.
पाच गुरुवार म्हटलं.
सहाव्या गुरुवारी त्या म्हणाल्या,
"मग दाखवा."

कुंडी जनरेटरच्या मागे होती.
तिच्यात शिपायानं चहाचा चोथा टाकलेला,
दोन विड्यांची थोटकं,
मधोमध एक काडी.

का केलं विचारू नका.
जाहिराती चालू होत्या, तेवढ्यात
मी ती डावीकडून तिसरी ठेवली, थोटकांसकट.
लाल दिवा लागला.

सर बघत राहिले.
टीव्हीवर इतका वेळ कोणी गप्प बसत नाही.
मग त्यांनी उजवा मोजा काढला,
अंगठ्याच्या नखानं काडीची साल खरवडली.
आत तपकिरी.
अजून खाली खरवडली.
तिथंही तपकिरी.
"मेली," सर म्हणाले.
"पाणी जास्त झालं. चूक माझी."

माझ्याकडे दोनच लाइनी आहेत.
दोन्ही वाजत सुटल्या.
कोणाची अबोली गेली होती, कोणाची मिरवेल,
पर्वरीच्या एका पोलिसाचा दिल्लीहून आणलेला गुलाब;
नवऱ्याच्या नावानं लावलेलं जायफळ
कोणी गाडी लावायला जागा हवी म्हणून कापलं होतं.
उपाय कोणी मागत नव्हतं.
मी लिहून घेत होते, नाव, गाव, झाड,
वहीची पानं संपली, मग बिलाच्या पाठीवर.

मंदाकिनी म्हणाल्या, "माझी चतुर्थीलाच गेली होती.
म्हटलं, तुमची तरी कशी आहे बघावं.
ठेवते, दूध उतू जातंय."

शेवटचा फोन कुडचड्याचा.
"पळयलीं गे नखां.
काळींकुट्ट."
आणि हसल्या, बराच वेळ.

पुढच्या गुरुवारी मोजे परत आले.
खतवाल्या कंपनीचा फोन आला होता म्हणे.
तो मी घेतला नव्हता.