तीन नंबरची होडी

एलेउतेरियो नाहुएलकिन दर ऑक्टोबरात
ताल्काउआनोच्या गोदीत जीवरक्षक होड्यांवर आकडे रंगवतो.
एक उजव्या अंगाला, नाळेजवळ.
दोन तिच्यासमोर, डाव्या अंगाला.
तीन पुन्हा उजवीकडे, एकच्या मागे,
आणि चार पलीकडे.
मोजणी अशी आडवी जाते जहाजभर,
बुटाची नाडी ओवत जावी तशी,
नाळेपासून सुकाणूपर्यंत.

विषम उजवीकडे, सम डावीकडे.
नव्या पोरानं विचारलं, उजवीकडे म्हणजे कुणाच्या?
‘जहाजाच्या. तू तोंड फिरवलंस
म्हणून ते हात बदलत नाही.’
पोरानं तोंड फिरवून पाहिलं.
नाहीच बदलत.

एक, दोन, चार यांचे पत्र्याचे साचे आहेत.
तीनचा साचा कधीच मोडला.
तो आकडा एलेउतेरियो हातानंच काढतो,
खालचं पोट जरा सुटलेलं,
शेपूट आत वळलेली,
त्याची आई कोळशानं
बटाट्याच्या पोत्यांवर काढायची तसा.

जुलैत, पेनासच्या आखातात
(नावाचा अर्थच यातना,
म्हणून खलाशी नुसतं ‘आखात’ म्हणतात)
एक लाट उजव्या अंगानं चढली.
पहाटे मोजलं: एक, दोन, चार.
तीनच्या जागी दोन लोखंडी हात,
अजून काही धरलेलं असावं तसे वाकलेले.
कप्तानानं वहीत एक ओळ लिहिली.
चारला कुणी तीन म्हटलं नाही.
नवी होडी आली, नारिंगी, झाकणाची,
तिच्यावरही
पोट सुटलेला तीन.

मग दोन वर्षांनी, रजेत,
मेव्हण्याच्या मचव्यातून शिंपले आणताना
पाणी भरायला ते एका बेटावर उतरले.
किनाऱ्यावर तीन नंबर,
वर पत्रा, आत कोंबड्या.

‘समुद्रानं दिली,’ दोन्या एदुविना चिगुआय म्हणाली,
‘रिकामीच होती हो,
बिस्किटांचा डबा नि वल्ही तेवढी.
तो आकडा काय? मला वाटलं, किंमत.’
तो बोट फिरवत राहिला पोटावरून, शेपटीपर्यंत.
‘आणि एक, दोन? ते कुठे असतात?’
‘बरे आहेत,’ तो म्हणाला. ‘चारही बरा आहे.’

होडीची नाळ समुद्राकडे होती.
तो तिच्याजवळ उभा राहिला, समुद्राकडे तोंड करून,
ड्यूटीवर राहतात तसा.
उजवीकडे नुसता खडक नि पाऊस.
डावीकडे, बरोबर समोरासमोर,
तिचं घर, धुरकट, लाकडी कौलांचं.

मचव्यात रंग होता, निळा, थोडासा.
साचा नव्हता.
बाई हसत होती, कोंबडी काखेत धरून:
‘अहो, इथे टपालसुद्धा येत नाही!’

बेटावर घर एकच.
दारावर चार.